केटल आर्मपर्यंत जाणारी गाडी

युना कीपिंगनं सहाचाकी घ्यायचं ठरवलं तेव्हा तिचं वय अडुसष्ट होतं आणि दोन्ही गुडघे कामातून गेले होते. आयुष्यात तिनं साध्या मोटारीपलीकडे काही चालवलेलं नव्हतं. तिनं हे पहिल्यांदा सांगितलं ते दिराला. हेवर्ड शेजारच्याच घरात राहायचा, बिनलग्नाचा, आणि दर रविवारी सकाळी तिच्याकडे नाश्त्याला यायचा. पावाच्या कणकेच्या तळलेल्या टाउटनवर तो काकवी ओतत होता. तिचं बोलणं ऐकून तो ओततच राहिला.

"सहाचाकी? ती पाण्यात तरंगते ती?"

"पाण्यात, चिखलात, सगळीकडे. नुसती चाकं फिरली तरी तळ्यातून पुढं जाते म्हणे."

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"अगं बाई, तुला बरणीचं झाकण उघडत नाही. परवा मोहरीची बाटली घेऊन माझ्या दारात उभी होतीस."

"मग गाडीत मोहरी नेणार नाही."

हेवर्ड हसला नाही. बशी पुसल्यासारखी साफ करून त्यानं विचारलं, "जायचंय कुठं तुला?" त्याला ठाऊक होतं. सँडी रीच गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

केटल आर्म पश्चिमेला होतं, माळ ओलांडून चौदा किलोमीटरवर. आता तिथं कुणी राहत नव्हतं. सदुसष्ट सालच्या सप्टेंबरात ते गाव उठलं. बंदुका घेऊन कुणी आलं नव्हतं, सरकारचा एक कागद आला होता. रस्ता हवा, वीज हवी, डॉक्टर हवा तर दुसरीकडे चला, जायचे पैसे देतो. फक्त दहातल्या नऊ घरांनी सही करायला हवी. घरं चौदा होती. सह्या झाल्या. मग लोकांनी आपापल्या घरांना रिकामी पिंपं बांधली, घरं पाण्यात ढकलली आणि बोटींनी ओढत सँडी रीचला आणली. युना तेव्हा अकरा वर्षांची. बापाच्या बोटीतून मागं बघितलं की आपलंच घर लाटांवर डुलत आपल्या मागोमाग येताना तिला दिसत होतं. घर आलं, शेगडी आली, आईनं शिवलेली गोधडी आली. आई तेवढी राहिली. ती मार्चमध्ये गेली होती, आणि चर्चमागच्या दफनभूमीत तिच्यावरची माती अजून नीट बसलीही नव्हती.

"बाबा, तुम्ही सही केलीत?" असं युनानं बोटीत विचारलं होतं. बाप काही बोलला नाही. त्यानं सुकाणू दुसऱ्या हातात घेतलं. त्या गप्प बसण्याचा अर्थ तिनं तिथल्या तिथं लावला, आणि बाप जाईपर्यंत त्यांच्या दोघांत ती गाठ राहिली ती राहिलीच.

पुढं तिनं मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मासे कापले, केटल आर्मच्याच क्लॅर कीपिंगशी लग्न केलं, दोन मुली वाढवून अल्बर्टाला धाडल्या. या सगळ्यात केटल आर्मला ती गेली एकदाच, एकोणनव्वद साली, क्लॅरच्या बोटीतून. क्लॅर किनाऱ्यावर उतरलाच नाही. "नांगर धरत नाही, मी बोटीतच थांबतो," म्हणाला. ती चढावर पोचते न पोचते तोच धुकं यायला लागलं आणि खालून भोंगा वाजायला लागला. तासाभराच्या आत ती परत बोटीत. नंतर कॉड मासेमारी बंद झाली, बोट विकली गेली, आणि क्लॅरचं "पुढच्या वर्षी" सुरू झालं. तसली तीसेक पुढची वर्षं झाली. दोन हिवाळ्यांपूर्वी क्लॅर गेला.

"खाडीवरच्या रोलंडचा भाऊ नेईल की बोटीनं," हेवर्ड म्हणाला. "शंभर डॉलर दे, डिझेल दे."

"आणि तासाभरात भोंगा वाजवेल. वारा बदलला, मावशी, चला, म्हणेल. मला माझ्या मनानं बसायचंय तिथं. कुणाच्या घड्याळावर नाही."

"माझी चारचाकी आहे."

"तुझी चारचाकी मोठ्या दलदलीत हँडलपर्यंत रुतली होती. चार माणसं लागली काढायला. आणि पुढं दोन तळी आहेत, ती काय उडून ओलांडणार?"

हेवर्डनं रिकामी बशी बाजूला सारली. इंजिनातलं त्याला सगळं कळायचं. सँडी रीचमध्ये त्याच्या हाताखालून न गेलेलं एकही यंत्र नव्हतं. त्यामुळं तो नाही म्हणाला असता तरी गाडी बघायला तोच येणार हे दोघांनाही माहीत होतं.

*

पहिली गाडी त्यांनी ग्रँड फॉल्सच्या दुकानात बघितली. नवी कोरी, लाल, काचेच्या भिंतीआड उभी. टायरोन नावाचा विक्रेता पुढं आला आणि त्यानं हेवर्डचा हात हातात घेतला.

"काय बघताय, कप्तान? शिकारीसाठी?"

"मी काही बघत नाही," हेवर्ड म्हणाला. "गाडी हिला हवीय."

टायरोननं युनाकडे बघून गोड हसून मान हलवली आणि पुन्हा हेवर्डला सांगायला लागला. आठचाकी घ्या, कप्तान. वजन आठ चाकांवर पसरतं, दलदलीत कमी रुतते, पाण्यात जास्त ओझं पेलते, मूस, ते थोराड हरीण, मारलात तर अख्खा आत मावतो. सहाचाकी हलकी, वळायला सोपी, छोट्या ट्रेलरवर जाते, पण ओझं कमी.

"मी मूस आणणार नाही," युना म्हणाली.

"हो, पण काकू, पुढंमागं..."

"पुढंमागं काही नाही. मी, हा, आणि चहाची किटली. आठ चाकं कशाला?"

ती गाडीत चढून बसली. दार नव्हतंच, टपात पाय टाकावा तसा पाय आत टाकायचा. गुडघा कुरकुरला पण आत गेला. गाडीला स्प्रिंग नव्हते. फुग्यासारखे मऊ टायर, तेच काय ते दणके खाणारे. हँडल धरायचं, अंगठ्यानं वेग द्यायचा. डावीकडे वळवलं की डावीकडची चाकं अडतात, उजवीकडची फिरत राहतात आणि गाडी जागच्या जागी वळते. युनानं हँडल धरलं. समोर काच होती, काचेपलीकडे रस्ता आणि बर्गरचं दुकान. पण तिला बसल्याबरोबर वाटलं की आपण खाली आहोत, पाण्याच्या बरोबरीनं, जसं लहानपणी बापाच्या होडीत वाटायचं. तिनं हात काठावरून बाहेर सोडला. बोटं अधांतरीच राहिली.

"कुठं फिरायला जायचा विचार आहे, काकू?" टायरोननं विचारलं.

 त्या चकचकीत दुकानात बसून परक्या पोराला आईचं काय सांगायचं?

"बोरं वेचायला," ती म्हणाली.

किंमत ऐकून दोघांनी विनयानं निरोप घेतला. बाहेर आल्यावर हेवर्ड म्हणाला, "त्या किमतीत मी पोहत नेईन तुला."

दुसरी गाडी जुनी होती, रोलंड फजची, शेजारच्याच खाडीवर. तिचं कौतुक करताना रोलंड स्वतःचंच लग्न जमवत असल्यासारखा बोलत होता. "घरच्या गाईसारखी आहे, मावशी. मी हिच्यात झोपलोय. एक थेंब आत येत नाही."

ही जुन्या घडणीची होती. हँडल नाही, दोन लोखंडी दांडे. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. युनानं दांडा ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा हलला, पण तिच्या अंगठ्याच्या बुडातून जी कळ निघाली ती कोपरापर्यंत गेली. थंडगार मासे एकतीस वर्षं कापल्यावर बोटांचे सांधे कसे होतात हे रोलंडच्या आईलाही ठाऊक होतं, तीही मासळीच्या कारखान्यातच होती कामाला.

"सवयीनं सैल होतात," रोलंड म्हणाला.

"दांडे का हात?" हेवर्डनं विचारलं. तोवर तो गुडघ्यांवर बसून गाडीखाली हात घालून चाचपत होता. "रोलंड, इथं काय लावलंयस?"

"काही नाही. जरासा ओरखडा होता."

"पाण्यात घाल."

"आत्ता?"

"एक थेंब येत नाही ना? घाल की."

रोलंडनं घरामागच्या तळ्यात गाडी घातली. वीस पावलं ती डौलात गेली. मग रोलंडनं एक पाय वर घेतला. मग दुसरा. मग तो बसल्या जागी उभा राहिला आणि इंजिन फटफटत असतानाच बूट काढून त्यानं पाणी उपसायला सुरुवात केली. काठावरून त्याची बायको ओरडली, "अहो, झोपा की तिच्यात!" युना इतकी हसली की तिला हेवर्डच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. क्लॅर गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. घरी येताना ट्रकमध्ये मात्र ती बोटांवर आठवडे मोजत होती. बरंच पुढं आल्यावर म्हणाली, "जुलै लागला, हेवर्ड. ऑगस्ट गेला की वारे सुरू होतील."

"पुढच्या वर्षी—" हेवर्डनं सुरुवात केली, आणि तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं वाक्य तिथंच सोडून काच खाली केली.

तिसरी गाडी तिनं स्वतः शोधली, दुकानातल्या पाटीवरच्या चिठ्ठीतून. ती आतल्या बाजूला, जंगलाच्या रस्त्यावर राहणाऱ्या अ‍ॅम्ब्रोज हाइन्सची होती. अ‍ॅम्ब्रोज ऐंशीचा. शिकाऱ्यांना वाटा दाखवणं हा त्याचा धंदा, आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी हिरवी, सहा चाकांची, अकरा वर्षांची, उन्हानं फिकी पडलेली, हँडलवाली. हेवर्ड सवयीनं खाली वाकला. त्यानं साखळ्या बघितल्या, तळाचं बूच काढून परत लावलं, पाणी उपसायचा पंप चालू करून बघितला, प्रत्येक टायर दाबला. मग उभं राहून त्यानं काही न बोलता हात पुसले. म्हणजे गाडी चांगली होती.

"कुणासाठी?" अ‍ॅम्ब्रोजनं विचारलं.

"माझ्यासाठी," युना म्हणाली.

"मग तूच चालवून दाखव. त्या तळ्याच्या पलीकडे जा आणि परत ये. नाही आलीस तर विकणार नाही. मागं एकाला दिली, त्यानं आठ दिवसांत बुडवली. गाडी गेल्याचं काही नाही, पण त्याच्या बायकोला तोंड दाखवताना माझीच मान खाली गेली."

"वय झालंय तिचं," हेवर्ड म्हणाला. "मी जातो."

"तुझं काय, कोवळं आहे?" अ‍ॅम्ब्रोजची बायको फिलोमिना दारातून म्हणाली. तिनं जीवरक्षक जाकीट आणून युनाच्या अंगावर चढवलं, बंद घट्ट केले. "जा गं. हँडल आवळू नकोस, नुसतं धर. आणि मध्ये वारा लागला तर घाबरू नकोस. ही होडीपेक्षा हळू चालते, म्हणून वारा ढकलतो. थोडं वाऱ्याकडे तोंड ठेवायचं."

युनानं इंजिन सुरू केलं. उतारावरून गाडी शेवाळ्यात शिरली, शेवाळ्यातून चिखलात, आणि मग चाकांखालून जमीन सुटली. तो क्षण तिला नीट कळला. खडखड थांबली आणि सगळी गाडी हलकी झाली. चाकं पाणी मागं लोटत होती. फार हळू, काठानं चालणारा माणूस पुढं गेला असता इतकी हळू, पण ती जात होती. तळ्याच्या मध्यावर वारा आला आणि गाडी डावीकडे सरकायला लागली. तिनं हँडल आवळलं. मग आठवलं, आणि सैल केलं. वाऱ्याकडे तोंड. पलीकडच्या काठावर पुढची चाकं टेकली, पकडली आणि गाडी पाण्यातून वर चढली. तिथं ती थांबली. समोर बुटक्या फरच्या झाडांपलीकडे माळ सुरू होत होता, पश्चिमेकडे, एकावर एक चढ. ती बघत बसली. इकडे काठावर हेवर्ड हात हलवत होता आणि फिलोमिना त्याला म्हणत होती, "बसू दे तिला. परत येईल."

ती परत आली तेव्हा अ‍ॅम्ब्रोजनं गाडीची दुसरी किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती.

ट्रेलरवर गाडी बांधायला हेवर्ड वाकला. दोरीची गाठ त्यानं दोनदा सोडली.

"आता काय झालं? गाडी वाईट आहे का?"

"गाडी चांगली आहे," तो म्हणाला. "तेच तर. आता जावं लागेल."

*

ऑगस्टच्या मध्याला, दलदलीतली केशरी बोरं, बेकअ‍ॅपलं, पिकत होती तेव्हा, ती दोघं निघाली. डोक्याला हेल्मेट, अंगात जाकिटं, मागं किटली, पाव, खारवलेलं मांस, पेट्रोलचा डबा आणि तिची काठी. युना चालवत होती. हेवर्ड शेजारी बसून पहिला तासभर सूचना देत होता. एका खडकावर गाडी तिरकी झाल्यावर तिनं इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "उतर आणि चालत ये." त्यानंतर सूचना थांबल्या.

शिकाऱ्यांनी पाडलेली वाट मोठ्या दलदलीपर्यंत होती. तिथून पुढं ओलं, हिरवं, पायाखाली श्वास घेतल्यासारखं हलणारं मैदान. "थांबू नकोस आणि एकदम वळू नकोस," अ‍ॅम्ब्रोजनं सांगितलं होतं. ती थांबली नाही. मऊ टायर शेवाळ दाबत गेले, मागं पाण्यानं भरलेल्या दोन उथळ रेघा उमटत गेल्या. पहिलं तळं गेलं. दुसऱ्यात वारा होता, पण तो पाठीमागून होता. अकराच्या सुमाराला शेवटचा चढ चढून गाडी वर आली, आणि खाली केटल आर्म होतं.

पाणी तसंच होतं. किटलीच्या चोचीसारखी आत वळलेली खाडी, त्यात काळं शांत पाणी. बाकी काही नव्हतं. जिथं चौदा घरं होती तिथं गवत कमरेइतकं, आणि गवतात कुठं कुठं दगडी पायांचे चौकोन. चर्चची पायरी तेवढी उरली होती, कुठंही न जाणारी.

युनानं इंजिन बंद केलं. मग पाय बाहेर टाकत म्हणाली, "चल."

"तू हो पुढं. मी इथंच थांबतो. गाडीपाशी."

"गाडी कोण नेणार आहे? कोल्हे?"

"तू जा, युना."

तिनं वळून बघितलं. हेल्मेट मांडीवर घेऊन तो बसला होता. बहात्तर वर्षांचा बाप्या, आणि चेहरा शाळेबाहेर उभं केलेल्या पोरासारखा. एकदम तिला क्लॅर आठवला, एकोणनव्वद सालचा, नांगर धरत नाही म्हणणारा. त्या दिवशी पाणी तळ्यासारखं शांत होतं. नांगर कशानं धरला नसता?

"हेवर्ड, तुम्हा दोघा भावांना या गावाचं काय वावडं आहे?"

तो खाडीकडे बघत होता. "तुझ्या बापानं सही केली नव्हती," तो म्हणाला.

ती उभीच राहिली.

"चौदा घरं होती. तेरा सह्या लागत होत्या. एक नसली तरी चालत होतं, दोन नसल्या तर गाव उठत नव्हतं. तुझा बाप म्हणाला, बायकोला टाकून मी हलणार नाही. आणि माझा बाप म्हणाला, तो नाही तर मीही नाही. उन्हाळाभर गाव तसंच अडकलं होतं. सगळी दोघांवर चिडलेली. पोरांसमोर मात्र कुणी बोलत नव्हतं, आणि नंतर कुणी विषयच काढला नाही."

"मग?"

"मग मी होतो. पंधरा वर्षांचा." त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "त्या वर्षी सँडी रीचला मी पहिल्यांदा ट्रक बघितला. त्याचं बॉनेट उघडं होतं. युना, त्याच्यानंतर मला काही सुचेना. इथं रस्ता नव्हता, वीज नव्हती, दोन होड्यांची इंजिनं सोडली तर उघडून बघायला काही नव्हतं. मी बापाच्या मागं लागलो. जेवलो नाही. म्हणालो, तुम्ही सही केली नाहीत तर मी एकटा निघून जाईन, परत तोंड दाखवणार नाही. आई रडायला लागली. शेवटी ऑगस्टात एका सकाळी त्यानं कागद मागवला."

खाली पाण्यावरून एक पक्षी ओरडत गेला.

"क्लॅरला माहीत होतं?"

"क्लॅर खोलीतच होता. तेरा वर्षांचा. लग्न ठरलं तेव्हा तो मला म्हणाला, तिला सांगू नको, ती तुझं तोंड बघणार नाही. आणि तिला तिथं नेलं तर माझ्या तोंडून निघेल. म्हणून तो नेत नव्हता तुला. माझ्यासाठी."

"आणि माझा बाप? तो का नाही बोलला?"

"कुणाविरुद्ध बोलणार? नव्या गावात घर तर आमच्याच शेजारी लागलं होतं."

बापाचा सुकाणूवरचा हात युनाच्या डोळ्यांसमोर आला. लग्न झाल्यापासून तो म्हातारा होऊन मरेपर्यंत, त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला तिनं केक नेला होता आणि दहा मिनिटांत परत आली होती. ती वळली आणि काठी टेकत एकटी उतार उतरायला लागली. हेवर्डनं तिला थांबवलं नाही.

दफनभूमीचं कुंपण पडलेलं होतं. लाकडी क्रूस कधीच कुजून गेले होते. गवतात नुसते उंचवटे होते, वीस-पंचवीस, सगळे सारखे. एकोणनव्वद साली अर्धा क्रूस उभा होता, त्यावर आईच्या नावातलं, डॉर्कसमधलं, 'डॉ' वाचता येत होतं. आता तिनं एका उंचवट्यापाशी गुडघे टेकायचा प्रयत्न केला, मग दुसऱ्यापाशी. आईला हाक मारावी तर कुठल्या बाजूला तोंड करून मारावी हेच तिला कळेना. इतकी वर्षं तिनं मनातल्या मनात इथं येऊन जे जे सांगितलं होतं ते सगळं ओठांवर आलं आणि ठेवायला जागा सापडेना. ती गवतात उभी राहून रडली, मोठ्यानं, अकरा वर्षांच्या पोरीसारखी. जवळ कुणी नव्हतं, म्हणून तिनं मन मारलं नाही.

रडून झाल्यावर तिनं वर बघितलं. चढावर हिरवी गाडी आणि तिच्यात तो ठिपका.

"हेवर्ड!" ती ओरडली. "खड्डा कुणी खणला होता?"

ठिपका हलला नाही.

"आईचा खड्डा कुणी खणला होता, बहिऱ्या? मार्चमध्ये!"

तो उतरला. खाली यायला त्याला बराच वेळ लागला. "माझ्या बाबांनी आणि मी," जवळ आल्यावर तो म्हणाला. "जमीन दगडासारखी गोठलेली. दोन दिवस वर लाकडं जाळली तेव्हा कुदळ शिरली."

"मग दाखव."

तो गवतात फाटकाची जागा शोधायला लागला. पायानं चाचपत, वाकून, शिव्या देत. शेवटी एक गंजलेली बिजागरी त्याच्या हाताला लागली. तिथं उभं राहून तो पावलं मोजायला लागला. सरळ नऊ, मग समुद्राकडे चार. थांबला. मागं बघितलं. परत बिजागरीपाशी गेला आणि लहान पावलं टाकत पुन्हा मोजली. "तेव्हा माझे पाय लहान होते," तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला तो एक उंचवटा अलीकडे थांबला.

"हा नाहीतर तो," तो म्हणाला. "याच्यापुढं मला सांगता येत नाही, युना. शपथ."

ती त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये बसली. एक हात एकावरच्या गवतावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावरच्या. कुठला हात आईपाशी आहे ते कळत नव्हतं. पण वीस-पंचवीसांतून दोनांवर आलं होतं. ती बापाबद्दल बोलली. त्यानं सही केली नव्हती गं, म्हणाली. मला आत्ता कळलं. बाकीचं तिनं मनात ठेवलं.

हेवर्डनं काठावर लाकडं गोळा करून किटली उकळली आणि डब्यातलं दूध घालून चहाचा मग आणून तिच्याजवळ ठेवला. स्वतः लांब चर्चच्या पायरीवर बसला. कुणीही घड्याळ बघितलं नाही. दुपार कलली. भरती आली आणि गेली.

"माफ केलंस का?" शेवटी त्यानंच तिकडून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "वारे सुरू व्हायच्या आत परत यायचंय. कुदळ आण. बाजूचं गवत काढायचंय दोन्हींचं. दुसरी कबर कुणा चुलत्याबितल्याची असेल तर तिचंही होईल."

"मी?"

"मग काय रोलंडला आणू?"

धुकं खाडीच्या तोंडाशी दिसायला लागलं तेव्हा ती दोघं चढ चढली. तिला दोनदा थांबावं लागलं, दुसऱ्यांदा त्यानं हात पुढं केला आणि तिनं तो धरला. गाडीत बसल्यावर तिनं इंजिन सुरू केलं. पुढं लगेच दलदल होती, नजर हलवून चालणार नव्हतं. तिनं हँडल सैल धरलं आणि समोर बघत विचारलं, "दिसतंय का अजून?"

हेवर्ड पूर्ण मागं वळून, सीटला छाती टेकवून बसला होता.

"दिसतंय."

गाडी शेवाळ्यात शिरली. चाकांचा आवाज मऊ पडला.

"आता?"

"खाडी दिसतेय. घरं होती ती बाजूही."

"आता?"

त्याची सीट करकरली. धुकं एव्हाना चढावर आलं असणार, तिच्या मानेला गारवा लागत होता.

"दिसतंय," तो म्हणाला. "तू चालव."